सातवी अट

पत्र गुरुवारी आलं, वेलिंग्टनचा शिक्का.
सोबत एक नकाशा, आमच्याच गावाचा,
जणू तुआतापेरे मला दाखवायची गरज होती.
त्यावर लाल वर्तुळ: नदी, पूल,
बंद पडलेली लाकडाची वखार, शाळा, माझं घर.
या वर्तुळात ड्वेन हॅलीबर्टनने पाऊल टाकायचं नाही,
ही त्याच्या सुटकेची सातवी अट.

आता त्याचा अर्ज आहे, की ती बदलावी.
पुलापलीकडे एका गोठ्यावर काम मिळतंय.
पाचशे ऐंशी गायी, ऑगस्टात व्यायला लागतील,
तेव्हापासून पहाटे चारची धार.
दुसरा रस्ता एक्कावन्न किलोमीटरांचा,
आणि गाडी चालवायचा परवाना त्याला जन्मभर नाही.
म्हणून साडेतीन ते चार या वेळेत,
सायकलवरून,
कुठेही न थांबता,
एवढीच ये-जा.

खाली माझ्यासाठी एक चौकोन:
आपले म्हणणे येथे लिहावे.

वडील म्हणाले, 'नाही' हा दोन अक्षरांचा शब्द,
त्याला एवढा मोठा चौकोन कशाला?
आणि लोकरी टोपी घालून मेंढ्यांकडे गेले.
पत्राला त्यांनी हातही लावला नाही.

मी मात्र नकाशा घेऊन बसले.
वर्तुळ काढणाऱ्याने कंपासचं टोक
नेमकं आमच्या छपरावर रोवलं असणार.
चार वर्षं मला वाटत होतं, तो बाहेर कोंडलेला आहे.
पण इन्व्हरकार्गिलच्या बाजारात मी जात नाही,
तो तिथे राहतो.
रिव्हरटनच्या किनाऱ्यावर मावशीकडे जात नाही,
तो तिथे रंगकाम करत होता म्हणे.
दात दुखला तर दुखू देते.
लाल रेघेच्या कोणत्या बाजूला कोण,
हे कागद उलटा धरला की कळेनासं होतं.

श्रीमती फिफितांना फोन केला.
त्या त्याच्या प्रोबेशन अधिकारी, आवाज थकलेला,
मागे कुठलंतरी लहान मूल जेवायला नाही म्हणत होतं.
म्हणाल्या, तुमच्यावर कसलीच सक्ती नाही.
विचारलं, तो सायकल नीट चालवतो का?
त्या थांबल्या. म्हणाल्या, शिकतोय.
छत्तीस वर्षांचा माणूस.

साडेतीनला मी जागीच असते.
फर्गस गेल्यापासून झोप त्याच सुमाराला मोडते,
चहा ठेवते, खिडकीच्या काचेवर दव गोठलेलं,
पुलावरचा एकुलता दिवा कधी लागतो, कधी नाही.
गाडी असती तर ऐकू आली असती,
दार लावून घेता आलं असतं,
शिवी तरी हासडता आली असती.
सायकलचा आवाज येत नाही.
तो गेला की नाही, हे मला कसं कळणार,
रोज तो जाण्याआधी की गेल्यानंतर,
कुठल्या बाजूला मी चहा पीत बसले आहे?

कोर्टात त्याचा वकील उठून म्हणाला होता,
मयताच्या अंगावर काळं जाकीट होतं.
हातात बॅटरी नव्हती.
पूल अंधारा होता.
हे तो दोनदा म्हणाला, पाणी प्यायला, पुन्हा म्हणाला.
जणू माझा भाऊ घरी चालत येताना
न दिसण्याचा गुन्हा करत होता.

रविवारी रात्री पेन घेतलं.
'नाही' लिहिलं नाही. 'हो' तर लिहिलंच नाही.
लिहिलं:
सायकलला पुढे दिवा असावा आणि मागेही.
अंगावर चमकणारं पिवळं जाकीट असावं.
पुलावर बर्फ धरतं, तिथे उतरून चालत जावं.

वाचून पाहिलं.
आई धाकट्याला शाळेत पाठवताना सांगेल तसंच झालं होतं.
खोडायला गेले तर कागद फाटेल असं वाटलं.

हे त्याच्या बाजूने की विरोधात,
ते मंडळाने ठरवावं, त्यांना पगार मिळतो.
मला फक्त पहाटे
दूरवरून तो येताना दिसायला हवा.

पाकिटाला थुंकी लावली.
अजून टेबलावरच आहे.
वडील येता-जाता त्यावर चष्मा ठेवतात.